ग्वाल्हेरात एकच जण ऐकतो

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी गच्चीवर उन्हात बसायचं आणि वर्षभरात काय आवडलं ते एकेकाने सांगायचं, हा आमच्या घरातला कायदा माझ्या दिराचा. मधे तिळगुळाच्या गजकचा डबा, समोर मटाराच्या शेंगांचं ताट, पलीकडे धुक्यातून वर येणारा किल्ला, आणि भावजी तोंडी परीक्षा घेतल्यासारखे विचारणार. एक गाणं, एक सिनेमा, एक सिरियल. मी सिरियलचं नाव सांगून मोकळी व्हायची. आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, यंदा काही आवडलं नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांना आवडायलासुद्धा आधी पुरावा लागतो.

भावजी एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायचे. लग्न केलं नाही. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात कपड्याच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, पुढच्या खोलीत माझं फॉल-पिकोचं मशीन आणि मागच्या खोलीत भावजी व त्यांची गाणी. गाणी तरी कसली, कुणी कधी नाव न ऐकलेल्या पोरापोरींनी घरी बसून, पांघरुणात डोकं घालून रेकॉर्ड केलेली. इंडिपेंडंट म्युझिक असतं ते वहिनी, असं ते मला समजावायचे. मी म्हणायची, बेवारस गाणी म्हणा ना सरळ. ते हसायचे आणि म्हणायचे, म्हणून तर कुणीतरी ऐकायला पाहिजे.

गेल्या डिसेंबरात त्यांनी एक गाणं आम्हाला ऐकवलं. साताऱ्याकडची कुणी बाई, हार्मोनियमवर एकटीच गाते. पण गाणं सुरू होण्याआधी नुसती पावलं वाजतात. लाकडी जिन्यावरून कुणीतरी चढून येतंय, हळूहळू, मधेच थांबतंय, परत चढतंय. मग तिचा आवाज येतो. येणारं माणूस शेवटपर्यंत पोचतच नाही, असं ते गाणं. मला ऐकून शिरशिरी आली. दिवसाउजेडी असली गाणी कशाला ऐकवता, म्हणून मी चिडले. हे म्हणाले, यंदाही काही आवडलं नाही.

भावजींनी मग शपथच घेतली. आपल्या खोलीतल्या स्पीकरला त्यांनी शिकवून ठेवलं, की रोज दिवेलागणीला हे गाणं आपोआप लागलं पाहिजे. म्हणाले, वर्षभर कानावर पडू द्या, पुढच्या डिसेंबरात दादा स्वतः म्हणेल, माझं यंदाचं हेच. मी म्हटलं, तुमचा दादा म्हणणार नाही, आणि मी तोवर वेडी होईन.

फाल्गुनात भावजी गेले. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांची खोली आम्ही लावून घेतली. दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते तर मागच्या बंद खोलीत कुणीतरी जिना चढायला लागलं.

माझ्या हातातली काडी विझली. घरात दिवस होते तेव्हाही ते गाणं रोज वाजलं असणार, पण माणसांच्या गलक्यात कुणाला ऐकू आलं नसेल. आता घरात आम्ही दोघंच, आणि ती पावलं. मला कळत होतं की हे मशीन आहे. तरी मी त्या दाराकडे पाठ करू शकले नाही. गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिले. हे आरामखुर्चीत बसले होते, ते उठले आणि टाकी बघून येतो म्हणून वर गच्चीवर निघून गेले.

तेव्हापासून रोजचं असंच झालं. दिवेलागण झाली की हे उठणार, टाकी बघून येतो म्हणणार, वर जाणार. मग मागच्या खोलीत पावलं वाजणार. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, पण यांना टाकी रोज बघायची असायची. भावाच्या खोलीतून येणारा तो आवाज त्यांना सहन होत नाही, पळ काढतात बिचारे, असं मी समजून चालले. बंद कर म्हणावं तर तेही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, आणि माझ्या तर मुळीच नाही. मला भीती वाटायची त्या गाण्याची, खरंच वाटायची. पण ते वाजतंय तोवर भावजी कुठे अगदीच गेले नाहीत, असंही वाटायचं. कुणाला सांगायची सोय नाही, अजीबच अवस्था. ते बंद पडू नये, एवढंच मला हवं होतं.

एकदा पडलं. चैत्रात नेटवाला आला आणि जुना डबा काढून नवा लावून गेला. त्या संध्याकाळी दिवा लावला आणि मी वाट बघत राहिले. काहीच नाही. खालच्या दुकानांची शटरं पडायला लागली तरी मी दारापाशी उभीच. यांनी दोनदा जेवायला हाक मारली, मी ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी गाणं परत लागलं, तेव्हा मी मशीनवर डोकं टेकून रडले. नव्या डब्याचं काहीतरी असेल, झालं ठीक, असं मनाशी म्हटलं. मला त्यातलं काय समजतं?

आता या डिसेंबरात, एका दुपारी जेवताना हे म्हणाले की ती गाणारी येणार आहे. कोण गाणारी? तर तीच, जिन्याचं गाणं म्हणणारी. ग्वाल्हेरात कुठल्याशा कॉफीच्या दुकानात तिचा छोटा कार्यक्रम होता. तिने भावजींच्या फोनवर लिहिलं होतं. पूर्वी भावजी तिला लिहायचे, ती उत्तर द्यायची. तो फोन यांच्याकडे असायचा, बँकेची वगैरे कामं अडकली होती म्हणून चालू ठेवलाय, अशी माझी समजूत.

मेसेज त्यांनी मला वाचून दाखवला. कुठल्या गावात किती जण ऐकतात ते गाणाऱ्यांना दिसतं म्हणे. तिने लिहिलं होतं, ग्वाल्हेरात माझं हे गाणं एकच जण ऐकतो आणि रोज ऐकतो. ते तुम्हीच, मला ठाऊक आहे. गाणं सोडून द्यावं असं मनात आलं की मी ग्वाल्हेर बघते. एकदा तुम्हाला भेटायचंय.

मी विचारलं, तुम्ही काय कळवलंत? हे म्हणाले, या म्हणून कळवलं. मी जाम भडकले. मेलेल्या माणसाच्या नावाने पाहुणे बोलावता का, ती पोर एवढ्या लांबून येणार आणि तिला काय दाखवणार, बंद खोली आणि वाजणारा डबा? तिचं सगळं अवसान त्या एका माणसावर, आणि तो माणूसच नाही. हे शांतपणे भात कालवत राहिले. आल्यावर सांगू, एवढंच म्हणाले.

ती आली ती नेमकी संध्याकाळी. तिशीची असेल, साधी सुती साडी, खांद्याला झोळी. जिना चढताना तिची पावलं वाजली, आणि ती गाण्यातल्यासारखीच होती, मधे थांबणारी. आमचा जिनाच दमवणारा आहे म्हणा. मी पोहे केले, चहा टाकला. तुमची मराठी किती गोड आहे हो काकू, असं ती म्हणाली. तिकडून आलेलं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. एरवी मी दोन शब्द सुनावले असते, त्या दिवशी नुसती बशी पुढे सरकवली. तिची नजर सारखी आतल्या दाराकडे. तिला वाटत होतं, भावजी कपडे बदलून आता येतील बाहेर. मी यांच्याकडे बघायची, सांगा ना म्हणून, आणि हे खिडकीबाहेर बघायचे.

अंधारून आलं. मी दिवा लावायला उठले. आता पावलं वाजणार. बंद दारामागे हिचंच गाणं सुरू होणार, आणि ही हसून उठणार, म्हणजे आहेत की ते घरात, म्हणत दार उघडायला जाणार. देवा, आजच्या दिवस नको लागू दे, अशी मी त्या दिव्यासमोर विनवणी केली. वर्षभर जे बंद पडू नये म्हणून जीव टांगला होता, ते बंद पडो म्हणून.

लागलं नाही.

मी थांबले. दिवा स्थिर झाला. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, खाली कुणी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतं, आणि मागची खोली गप्प. मी वळून पाहिलं. हे खुर्चीतच बसले होते. आज टाकी बघायला गेले नव्हते. एक हात शर्टाच्या खिशावर घट्ट धरलेला, आणि खिशात भावजींचा फोन.

मला तेव्हा कळलं. ती मात्र अजून दाराकडेच बघत होती. तिने विचारलं, ते कधी येतील?

हे म्हणाले, "तो नाही. फाल्गुनात गेला. चैत्रापासून मी लावतो गाणं."

मीच मधे बोलले. "तुम्ही? वर गच्चीवरून? कशाला?"

"नेटचा डबा बदलला तेव्हा आपोआप लागायचं बंद झालं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्या दिवशी तू जेवली नाहीस."

त्याआधी टाकी बघायला जायचे ते खरंच पळायला. नंतर जायचे ते मला दिसू नये म्हणून. थंडीत, उन्हाळ्यात, गच्चीच्या कठड्याशी उभं राहून भावजींच्या फोनवरून खालच्या खोलीतल्या स्पीकरवर गाणं लावायचं, आणि खिडकीतून वर येईल तेवढं ऐकत गाणं संपेपर्यंत तिथेच थांबायचं. मी इकडे दारापाशी उभी, हे तिकडे वर, आणि दोघांच्या मधे ती रिकामी खोली. इतके महिने एका घरात राहून मला पत्ता नाही. मला रडू आलं आणि रागही आला. पाहुणीसमोर मी दोन्ही केलं.

ती उठली. मला वाटलं निघाली. पण तिने यांच्यासमोर वेताचा मोढा ओढला आणि बसली. तिने विचारलं, तुम्हाला आवडतं का हो ते? हे अवघडले. आवडण्याचं मला कळत नाही, असं म्हणाले. रोज ऐकतो एवढं खरं. ती म्हणाली, मग माझं ग्वाल्हेर खोटं नव्हतं. पोहे गार झाले होते, तिने ते सगळे खाल्ले. निघताना बंद दाराला तिने हात लावला आणि जिना उतरली. तिची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती.

परवा शेवटचा रविवार झाला. आम्ही दोघं गच्चीवर बसलो. गजक आणलं होतं, मटार सोलत होतो. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून मीच विचारलं, यंदा काय आवडलं? हे बराच वेळ शेंगा सोलत राहिले. ऊन कलायला लागलं. मग म्हणाले, "माझं यंदाचं हेच." आणि थोड्या वेळाने, "तू सांग त्याला. मला नाही जमायचं."

मी खाली आले. दिवा लावला. मागच्या खोलीची कडी काढली, फाल्गुनानंतर पहिल्यांदा. आत धुळीचा आणि बंद कपड्यांचा वास, टेबलावर स्पीकर, खुर्ची मागे सरकवलेली, नुकतं कुणी उठून गेल्यासारखी. मला भीती वाटत होती, तरी मी आत जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "भावजी, दादा म्हणाले. हेच."

वर गच्चीवर यांना माझा आवाज गेला असावा. स्पीकरचा छोटा दिवा लागला, आणि त्या खोलीत मी उभी असताना कुणीतरी जिना चढायला लागलं.