लाहूदादाचा दारू सोडायचा कागद

माझा मोठा भाऊ लाहू गंजाडला राहतो. चिकूच्या वाडीत झाडावर चढून फळ काढावं तर त्यानंच. आता हात थरथरतात, म्हणून त्याला खाली बायकांच्या रांगेत फळं निवडायला बसवतात.

जूनमध्ये त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "यापुढे प्यायलात तर माझ्या हातात काही नाही. औषध देते, पण सोडायची कशी ते तुम्ही ठरवा आणि लिहून आणा." वहिनी कमळी तेव्हा मुलीला घेऊन उधव्याला माहेरी गेलेली. तिचा निरोप आला, दिवाळीपर्यंत थेंब घेतला नाही तर परत येईन.

दादाला लिहिता येत नाही. मी रोज रात्री दिवसभराचं वहीत लिहिते हे त्याला माहीत, म्हणून तो कैनाडला माझ्या घरी आला. पूजा आटपून मी वहीचं पान फाडलं.

"केव्हा प्यावीशी वाटते?"

"सकाळी. दुपारी. संध्याकाळी तर वाटायची वाट बघत नाही मी."

मग एकेक ठरवत मी कागदावर लिहीत गेले. कामावरून येताना ताडीवाल्याच्या खोपटावरून न जाता शाळेमागून यायचं. उपाशी राहायचं नाही. लग्नाच्या मांडवात थांबायचं नाही. हात रिकामे नकोत म्हणून टोपल्या विणायच्या. अगदीच राहवलं नाही तर कोणाला फोन करायचा, इथे अडलं.

"पाड्यात न पिणारा कोण आहे?" मी विचारलं.

"बारक्याचा बैल. पण त्याचा नंबर नाही माझ्याकडे."

शेवटी माझाच नंबर लिहिला.

तीन महिने दादाने तो कागद पाळला. दिवसातून चारदा फोन यायचा. "बाय, काय करतेस?" एवढंच. मी भाकरी थापता थापता बोलत राहायचे. अकरा टोपल्या विणून झाल्या.

मग नवं आलं. शेतातला नवा तांदूळ देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय आमच्या घरात कोणी तोंडात घालत नाही. मोठा मुलगा नैवेद्य ठेवतो, दारूची धार सोडतो आणि पानात उरलेली प्रसाद म्हणून घेतो. बाबा गेल्यापासून हे दादाकडेच. मी त्या दिवशी गंजाडला गेले होते.

धार सोडून झाली. दादा पान हातात धरून बसून राहिला.

"बाय, हे कागदावर नाही," तो हळू म्हणाला.

"ही देवाची आहे, दादा. प्रसाद टाकायचा नसतो. घे."

मी मनापासून म्हणाले. पितर कोपतील, त्याच्या मुलीला काही होईल, एवढंच डोक्यात होतं.

त्याने घेतली. घोटभरच असेल. मग जेवायला न बसता उठला आणि ताडीवाल्याच्या खोपटाकडे चालू लागला. मी हाका मारल्या, त्याने मागे पाहिलं नाही.

आता तो डहाणूला दवाखान्यात आहे. पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत. नवा कागद करू म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवतो. मी देवापुढे दिवा लावते, पण मागायचं काय ते सुचत नाही.

काल कमळीला फोन केला, सगळं सांगितलं.

"त्यांना 'घे' असं कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"मी."



"मग ताई, तुम्हीच सांभाळा आता त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.