बटण बंद केल्यानंतरची ऊब

रफीक गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलोच होतो. महिना उलटून गेला, राग उतरलेला नाही...

शाहूपुरीत त्याचं भट्ट्यांच्या हीटरचं दुकान, माझा जुन्या यंत्रांचा व्यापार. निम्मं आयुष्य आम्ही एकमेकांशी घासाघीस करण्यात घालवलं. मुरगूडच्या रस्त्याला मी स्वस्तात जागा घेतली, आईच्या नावानं आमराई लावायला. पूर्वी तिथं कीटकनाशकांचं गोदाम होतं. तपासणीत कळलं, वर्षानुवर्षं न विरणारं विष मातीत मुरलेलं आहे. मी म्हणालो, "ट्रकात भरून देऊ टाकून कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे कुणाच्या तरी दारातच की, शेट," रफीक म्हणाला.

मग एका जाणकार इंजिनियर बाईंच्या देखरेखीखाली त्यानं जमिनीत विजेचे हीटर उभे पुरले, वर काँक्रीटचा थर दिला. आत माती भट्टीसारखी तापायची, विषाची वाफ नळ्यांतून ओढून गाळणीत कोंडली जायची. तापमापी बसवलेली असूनही तो रोज चपला काढून त्या थरावर अनवाणी उभा राहायचा. म्हणायचा, "यंत्र बिघडंल, तळवा न्हाय."

अहवाल चांगला आला. बटण बंद केलं. पण तपासणीच्या भोकातून वर आलेली माती पाहिली, तर विटेचा चुरा! गांडूळ सोडाच, गवताचं मूळही नाही. मी पेटलो.

"विष मारलंस का माती मारलीस? आधी का बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर करू दिलं असतंस व्हय?" तो हसला. "सावकाश निवू दे. मग शेणखत मी आणतो, गांडुळं मी सोडतो. जिती करून देतो. शब्द हाय."

सौद्यात मला गुंडाळणारा तो एकटाच. आणि शब्द अर्ध्यात टाकून गेला तोही तोच.

त्याला माती देऊन परतताना गाडी तिकडं वळवली. चपला काढल्या. काँक्रीट अजून कोमट होतं... तिथंच उभा राहून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा खाली बसलो.

काल मीच मागवलेली शेणखताची ट्रॉली आली. ड्रायव्हरनं विचारलं, "पावणं, थर कधी फोडायचा?"

"थांब जरा," म्हणालो, आणि चपला काढल्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. सगळं गार होतं.

"फोड," म्हणालो.