मामांची टगबोट

मुलगी द्यायची म्हटली की लोक मुलाचा पगार विचारतात, शेती किती ते विचारतात, फारच चौकस असले तर तंबाखू खातो का तेही विचारतात. माझ्या सासऱ्यांनी मला विचारलं, "नांदेडात गोदावरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का हो?" मी पाटबंधारे खात्यात कारकून. मला वाटलं, नोकरी खरी आहे की नाही ते तपासतायत. म्हणून मी विष्णुपुरीच्या बंधाऱ्यापासून सुरुवात केली आणि अडलेल्या पाण्याचा फुगवटा कुठवर जातो, काठ कुठे उथळ आहे, गाळ कुठे साचतो, सगळं इत्थंभूत सांगितलं. ते खुर्चीतून पुढे सरकून ऐकत होते. माझं संपल्यावर आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "नुसत्या पोह्यांवर भागवू नका, गोडाचं कायतरी आणा." लग्नानंतर सुनंदानं सांगितलं की माझ्याआधी एक बऱ्या पगाराचं स्थळ आलं होतं, पण त्या गावच्या नदीत फक्त क्रिकेट खेळता येत होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सुनंदा अण्णा म्हणायची. लातूरला एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि घरी पाण्यावर चालणारी छोटी जहाजं बनवायचे. गावात त्यांना 'जहाज सर' असंच नाव होतं. नळाला पाणी आलं की बायका हातातलं काम टाकून पळतात अशा गावात या माणसाला हे सुचावं कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते कपाटात मांडायच्या जहाजांना नाक मुरडायचे. "काचेत ठेवायला फोटो असतेत," म्हणायचे, "जहाज हाय तर त्याला वल्लं होऊ द्या."

त्यांची सगळ्यात लाडकी होती एक टगबोट. बंदरात मोठ्या जहाजांना दोरखंड लावून ओढणारी बुटकी, दणकट बोट असते ना, तसली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कथलाचा डाग देऊन, घासून पुसून त्यांनी ती बनवली होती. पोटात मोटार, मागे पंखा आणि सुकाणू, वर भोंगा. नाव ठेवलं होतं 'मांजरा'. लातूरजवळून जाणारी आमची मांजरा नदी वर्षातला बराच काळ अंग चोरून असते, तिचा हा कैवार होता. एकदा मी विचारलं, युद्धनौका का नाही बनवत? तर म्हणाले, "तोफा घेऊन कुणावर जाऊ? समोरच्या कुलकर्ण्यांवर? वढणारी बोट बरी. दुसऱ्याच्या कामाला येती."

मांजरा गल्लीची झाली ती भूकंपानंतर. हे मी सुनंदाकडून ऐकलेलं. किल्लारीकडे गावंच्या गावं बसली होती, आणि लातूरात घरं उभी असली तरी माणसं आत जायला धजत नव्हती. पोरं तर उंबऱ्याशी आली की रडायची. मामांनी कोपऱ्यावरच्या गुरांच्या हौदात मांजरा सोडली. तेव्हा तिला लांबून चालवायचा रेडिओ नव्हता. एका काठावरून सोडायची आणि दुसऱ्या काठावर धरायची, एवढंच. सगळी गल्ली हौदाभोवती गोळा व्हायची. पोरांनी हौदावर थाप मारली की पाण्यात वलयं उठायची आणि बोट डुलायची. मामा म्हणायचे, "बघा, हलली. बुडली का?" मग जमिनीतून लाट कशी येते ते त्या हौदावरच समजावून सांगायचे. काही दिवसांनी पोरं मांजराला ठेवायला म्हणून मामांच्या घरात जाऊ लागली, आणि मग आपापल्या घरात.

त्यानंतर त्यांनी मांजराला रेडिओ बसवायचं मनावर घेतलं आणि पहिल्याच खेपेला फसले. खेळण्यातल्या मोटारगाडीचा रिमोट काढून त्यांनी तो बोटीत बसवला. कॉलेजच्या गॅदरिंगला मैदानात पाण्याचं मोठं टाकं बांधलं, प्राचार्यांना पहिल्या रांगेत बसवलं, आणि मांजरा मधोमध आली तशी गरागरा फिरायला लागली. मामा बटणं दाबून घामेघूम. शेवटी कळलं की, मैदानाच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी पोरगं तसलीच गाडी चालवत होतं. दोन्ही रिमोटची लहर एकच. पोरगं गाडी वळवायचं आणि इकडे प्राचार्यांसमोर जहाज वळायचं. मामा हा किस्सा वर्गात स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

पण त्या फजितीतून त्यांनी रिमोटचा सेट निवडायची स्वतःची एक रीत काढली. माझं लग्न झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी हैदराबादच्या प्रवासात ती मला बघायला मिळाली. मांजरा मामांच्या मांडीवर, एसटी खचाखच भरलेली, आणि कंडक्टर विचारतोय, "सर, ह्याचं हाफ काढू का फुल?" दुकानदारानं काउंटरवर चार-पाच सेट मांडले आणि सर्वांत चकचकीत होता तो पुढे सरकवला. "साब, इस सेट से हवाई जहाज भी उडता." मामा म्हणाले, "मियाँ, हमको उडाना नै है, रोकना है." दुकानदार चाटच पडला.

मामा आधी जहाजाला काय लागतं ते मोजायचे, मग बाजारात जायचे. सुकाणूला एक चॅनेल, मोटारीला एक, भोंग्याला एक. म्हणून चार चॅनेलचा सेट पुष्कळ झाला, एक पुढच्या हौसेला शिल्लक. दुकानदारानं बंदुकीसारखा घोडा असलेला सेट दाखवला. त्यात बोट काढलं की घोडा परत जागेवर येतो आणि मोटार बंद पडते. मामांनी तो बाजूला सारला. "शर्यतीच्या गाडीला ठीक हाय. बोटीला गती दिली की ती तशीच राहाय पाह्यजे. मी काय तासभर घोडा दाबून उभा ऱ्हाऊ?" त्यांना दोन दांड्यांचा सेट हवा होता, मोटारीची दांडी जिथे ठेवू तिथे राहणारा. आणि मग शेवटचा प्रश्न, ज्यासाठी आम्ही एवढे लांब आलो होतो: "सिग्नल तुटला तर हा काय करतो?" त्यांनी मांजराला एकेक सेट जोडून घेतला, मोटार सुरू केली आणि हातातला सेट एकदम बंद केला. एकात मोटार तशीच फिरत राहिली. एकात सुकाणू फडफडायला लागलं. एकात मोटार गप थांबली. तो आम्ही घेतला.

हा प्रश्न त्यांना सवयीचाच झाला. फ्रीज घेताना, गॅसची शेगडी घेताना, माझ्या मेहुण्याला भागीदारीत दुकान काढायचं होतं तेव्हा, मामा विचारायचे, "तुटलं तर काय?" त्याच सुमारास लातूरात क्लासेसचं पेव फुटलं. ज्या गल्लीत डाळीचे ट्रक उभे राहायचे तिथे सायकली लागायला लागल्या, खोलीखोलीत बाहेरगावची मुलं आली. मामाही निवृत्तीनंतर एका क्लासमध्ये शिकवू लागले. तिथल्या पर्यायी प्रश्नांच्या घाईतही ते सेट घेऊन जायचे, बाकावर चढून एरियल उंच करायचे आणि लहर म्हणजे काय ते शिकवायचे. एकदा मी तिथे असताना अहमदपूरकडचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले होते. "सर, पोरीला डॉक्टरच करायचंय."

"करू की. आन् न्हाई नंबर लागला तर?"

"तसलं मनातच न्हाई आणलं, सर."

"मग आणा," मामा म्हणाले. "तिच्यासमोरच आणा. न्हाई लागला तर काय करायचं ते आज ठरवून टाका आन् मग बिनघोर अभ्यास करू द्या. माझी पत्र्याची बोट हाय, तिला बी ठाऊक हाय, सिग्नल गेला तर गप थांबायचं. बुडायचं न्हाई."

गृहस्थांचा चेहरा पडला. पण त्यांच्या मागे उभी असलेली पोरगी पहिल्यांदा मान वर करून बघत होती. तेव्हा माझी स्वतःची मुलगी जेमतेम रांगत होती. ती बारावीला गेली त्या वर्षी मी मामांचंच वाक्य तिला सांगितलं, आणि घरातलं ते वर्ष आम्ही हसतखेळत काढलं. त्याबद्दल मी मामांचा फार ऋणी आहे.

दर सुट्टीत मामा मांजराला घेऊन नांदेडला यायचे आणि आम्ही फुगवट्याच्या काठावर जायचो. असेच एकदा आले तेव्हा त्यांचा उजवा हात कापत होता. खडू धरवत नाही म्हणून क्लास सोडल्याचं त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं. पण पाण्यावर मांजरा झिंगल्यासारखी चालायला लागली. काठावर कपडे धुणाऱ्या बायका हसल्या, त्यात वावगं काही नव्हतं. मामांनी बोट काठाला आणली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "एखाद्या शाळंला देऊन टाका, जावईबापू." घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले. पुढच्या सुट्टीत आले नाहीत. फोनवर सुनंदाशी दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. एवढा बोलका माणूस असा मिटत चाललेला बघून माझ्या बायकोचं जेवणावरून मन उडालं.

मी शाळेला बोट दिली नाही. हैदराबादला गेलो आणि दुकानातला सर्वांत भारी नवा सेट घेऊन आलो. जावयानं आहेर करावा तसा. त्यात दुसऱ्याच्या लहरीशी भांडण नव्हतं, एरियल बोटभर, सगळं बिनचूक. मामांना आग्रहानं बोलावून घेतलं. पण तो सेट इतका बिनचूक की मामांच्या हाताची प्रत्येक थरथर त्यानं इमानेइतबारे सुकाणूपर्यंत पोचवली. मांजरा आधीपेक्षा जास्त झिंगली. मामांनी मलाच समजावलं, "सेटमधी खोट न्हाई हो. लई चांगला हाय."

वाट सापडली ती सुनंदाला, जेवताना. "अण्णांचं मनगट ताटाच्या कडेला टेकलं ना, की वरण सांडत नाही बघा," ती म्हणाली. मग मी त्याच सेटचं माहितीपत्रक नीट वाचलं. त्यात दांडीचा मधला भाग आळशी करायची सोय होती. म्हणजे दांडी मध्याजवळ थोडीशी हलली तर सुकाणूनं कानाडोळा करायचा, मनापासून ढकलली तरच वळायचं. दांडीची स्प्रिंगही मी घट्ट करून घेतली. सुनंदानं घरातला जेवायचा पाट सुताराकडे नेऊन त्याला पट्टा लावून आणला. तो गळ्यात अडकवायचा, त्यावर सेट ठेवायचा आणि दोन्ही मनगटं पाटावर टेकवायची.

मामांनी तो थाट बघितला आणि भडकले. "सेट जहाजासाठी घेतेत. माणसासाठी न्हाई! एवढं शिकवलं तुम्हाला!"

"मामा," मी म्हणालो, "या खेपेला जहाजाची काहीच तक्रार नव्हती."

मामांनी मान खाली घातली आणि सुनंदाला पट्टा गळ्यात घालू दिला.

फुगवट्यावर वारं पडलेलं होतं. मांजरा काठापासून सुटली आणि सरळ गेली. सरळ म्हणजे अगदी सरळ. मामांचा हात पाटावर कापतच होता, ते आम्हाला दिसत होतं, पण पाण्यावर त्यातलं काही पोचत नव्हतं. त्यांनी तिला लांब नेली, ऐटीत वळवली, भोंगा वाजवला. काठावरच्या बायकांनी धुणं थांबवून बघितलं. मामांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळे नव्हते. सुनंदानं पदरानं पुसलं.

त्यानंतर बरीच वर्षं मामा दर सुट्टीत आले. गेले ते लातूरलाच, झोपेत, कुणाला त्रास न देता. सेट आणि मांजरा माझ्याकडे आहेत. मी अजून तिला पाण्यात सोडतो. सेटमध्ये मामांच्या हातासाठी बसवलेला तो आळशीपणा एक बटण दाबून घालवता येतो. माझा हात कापत नाही, मला त्याची गरज नाही. मुलगी सुट्टीला आली की म्हणते, "बाबा, बोट किती उशिरा वळतेय! सेटिंग बदला ना."

मी बदलत नाही. बोट उशिरा वळते, पण तेवढा वेळ सेट मामांच्या हातात असतो.