माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर

नातीला जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायचा नाद. माळ्यावरून माझाच पत्र्याचा निघाला आणि मी हौसेने प्लग लावायला गेले.

"आजी, थांब!"

तिने वायर जराशी वाकवली, तर वरच्या रबराचा खारी बिस्किटासारखा भुगा झाला. आत तांबं उघडं.

तरुणपणी याच्या प्लगची पिन तुटली, तेव्हा नवा प्लग बसवेपर्यंत मी शहाणी उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचायचे. ओल्या फरशीवर, अनवाणी. हाताला झिणझिण्या आल्या की शेजारणीला सांगायचे, "मशीन पॉवरबाज आहे हो!" कडेवर नातीची आई असायची.

नातीने अर्थिंगवाली नवी वायर जोडली, दोनदा तपासली, बटणाकडे हात नेला. मी तिचा दंड गच्च धरला. शॉक लागलाच तर दोघींनाही लागेल, एवढी अक्कल मला अजून आलेली नाही.