फाट्यावरचा फलक

मार्चमधला रविवार, सकाळ. निपाणीहून बेळगावला निघालेल्या, सीटमागे भाडं घेणाऱ्या वडाप जीपमध्ये ड्रायव्हर, मी, भाजीवाली आक्का आणि करड्या साडीतल्या एक सिस्टर, एवढेच होतो. सिस्टर मिशनच्या कामासाठी फ्रान्समधल्या एका समुद्रकाठच्या शहरात असत. बोलता बोलता त्यांनी आक्काचा घसरलेला पदर नीट खोचून दिला. दुसऱ्याचं आवरायची सवयच लागलेली असावी.

"समुद्र लई बघितला असशील गं?" आक्काने विचारलं.

"खिडकीतनं. गेल्या महिन्यात तिथं फुलांच्या रथांचा सण हुता. वृद्धाश्रमातल्या कामवाल्या सुट्टीवर. आठवडाभर मीच म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं. त्या म्हाताऱ्यांच्याच लेकी रस्त्यावर नाचत हुत्या. मनात त्यांना लई शिव्या घातल्या मी."

मग म्हणाल्या, "त्याच आठवड्यात हिकडं माझी आई गेली. भावानं माती झाल्यावर कळवलं. म्हणला, तू देवाच्या कामात, उगंच अडथळा कशाला."



त्यांच्या गावच्या फाट्यावर हलगी कडकडत होती. फलकावर त्यांचा फोटो, वर 'फ्रान्सहून आलेल्या सुकन्येचे हार्दिक स्वागत', आणि शेजारी त्याहून मोठा भावाचा फोटो. तो हार घेऊन पुढेच उभा होता.

"उतरा की सिस्टर, तुमच्याचसाठी हाय सगळं," ड्रायव्हर हसला.

त्यांनी दार आतून घट्ट धरलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आईला जाऊन महिना न्हाय झाला, अण्णा. चला पुढं."

बेळगावला उतरून त्या गर्दीत गेल्या. गावातल्या आईच्या थडग्यावर मूठभर माती टाकायला आलेय, असं त्यांनी निपाणीलाच सांगितलं होतं. ती टाकायची राहिली.