चांदीपच्या डोंगरावर मी खराटा चालवला

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नंदाखालच्या आमच्या केळीच्या वाडीत एक वाळकं पान दिसायचं नाही, आणि याचा मला भलता माज होता. चांदीपहून शाळासोबती जानूचा निरोप आला, डोंगरावर झाडं छाटायचीत, ये. मी घरचा खराटा काखेत मारून निघालो. एसटीत कंडक्टरने विचारलं, "शेठ, डोंगर झाडायला का?" मी अभिमानाने हो म्हटलं.

विरारला गाडी बदलावी लागते. चहा तिथेच प्या, पुढे हॉटेल नाही. टोपी न्या. मी विसरलो होतो.

जानूचा उतार छोटासा, पायथ्याशी विहीर. आताशा ती चैत्रातच आटायची. "पुढल्या चैत्रात आटली तं शेत इकायचं, विरारला खोली घ्यायची," जानू म्हणाला. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, गाव सोडायचं नव्हतं. त्यांनी भाकरी जोरात थापली. विहिरीला पाणी टिकावं म्हणून उतारावरचं झाड बुंध्यातून तोडणं दोघांनी बंद केलं होतं. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, तो राब. त्यासाठी ऐनाच्या फक्त बाजूच्या फांद्या काढायच्या, शेंडा राखायचा.

दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं हाणलं. दोघं जरा आडवी झाली. मला कुठलं स्वस्थ बसवतंय? झाडांखालचा वाळक्या पानांचा पातेरा ओढून ओढून खाली ढीग केला. राबाचीही सोय झाली. उतार अंगणासारखा लख्ख.

वहिनी बाहेर आल्या. "भावजी, पातेरा कोनी काढला?"

"मीच," मी छाती फुगवून म्हणालो.

"त्याच्यातच तं पानी थांबतं, मंग मुरतं. किती राखला व्हता आमी." त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जानूने खराट्याकडे बघून हात जोडले.

मग तो सगळा पातेरा टोपल्यांनी डोक्यावरून वर नेला. पसरला की वारा यायचा, निम्मा पुन्हा माझ्या तोंडावर. शेवटची एसटी अर्थातच चुकली.

पुढल्या चैत्रात न बोलावताच गेलो. घरात न शिरता आधी विहीर गाठली. बादली सोडली, ती बुडाली. वहिनींनी तांब्या पुढे केला. "प्या भावजी. आमी न्हाय जात विरारला."

घरी आल्यापासून वाडीत केळीखालचा पाला मी तसाच ठेवतो. बायको त्याला आळस म्हणते. चांदीपला अजून जाणं होतं. मी लांबून दिसलो की वहिनी आधी अंगणातला खराटा उचलून आत ठेवतात, मग पाणी आणतात.