बाजीचा कुकर

लातुरातल्या संशोधनात माझा मोठा हात हाय. म्हंजे, कुकर माझा होता.

रेहानाबाजी गेली तेव्हा मी मेसमधी वाढत होतो. तिच्या धाकट्या बहिणीचा, नसरीनचा फोन आला... "गणपतभाई, बाजी गेली. झोपेतच." माझा हात काही थांबेना. वरण ताटातून टेबलावर आलं. क्लासचं पोरगं म्हणलं, "काका, आज वरण लई?" मेस टाकल्यापास्नं माझ्या मेसला पहिल्यांदाच कुणी 'लई' म्हणलं होतं.

आम्ही कंधारच्या एकाच गल्लीतले. ती शिकत गेली, मी चौथीतच मास्तरांना कंटाळा आणला. पुढं ती लातुरात लॅबला लागली आन् क्लासच्या पोरांच्या मागं मी बी आलो, मेस टाकायला. एका दुपारी येऊन म्हणली, "गणपत, तुझा मोठा कुकर दे." मी खुश. म्हणलं, बिर्याणी दिसतीय. तर म्हणली, अम्मीची गाठ उकळायचीय! मी खुर्चीत बसलो. खुर्ची मोडकी निघाली.

मग खालीच बसवून तिनं समजावलं. अम्मी छातीच्या गाठीनं गेली, भूकंपाच्या आधी. त्या गाठीचा तुकडा दवाखान्यानं मेणाच्या वडीत जपला होता. भूकंपात कपाट कोसळलं, काचांचा चुरा झाला, वडी तेवढी शाबूत. आता नसरीनला बी गाठ आली होती. दोघींची गाठ एकाच जातीची का, ते बाजीला अम्मीच्या तुकड्यातल्या प्रोटीनवरून बघायचं होतं. मेण उतरवणं सोपं, म्हणली. पण तुकडा टिकवायला घातलेल्या फॉर्मालिननं आतलं सगळं एकमेकांत आवळून टाकलेलं, ते साबणासारख्या पाण्यात दाबाखाली उकळल्याबिगर सुटत न्हाई. लॅबचं तसं उकळायचं मशीन बंद, आन् दुरुस्तीचा कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर.

"तीन शिट्ट्या पुरेत," मी म्हणलं.

"तू गप बस."

कुकर चालला तर करंट जायचा. करंट असला तर तपासायचं औषध संपलेलं. दर खेपेला वडीतला एक पापुद्रा जायचा आन् शेवटी दिसायचा नुसता धूसर डाग. बोराएवढा तुकडा नखाएवढा झाला. एका क्लासवाल्यानं दारात गाडी पाठवली, बायोलॉजी शिकवा म्हणून. "पोरांना उत्तर पाहिजे असतंय, गणपत. माझ्याकडं कुठाय?" म्हणली, आन् परत कुकर लावला. नसरीन ऑपरेशननं बरी झाली, तरी हिनं सोडलं न्हाई. नसरीनला दोन पोरी हायत ना, रोग घराण्यातून उतरत असला तर... मला लई राग यायचा. एवढी शिकलेली बाई, आन् तिची अम्मी तिलाच काही सांगंना!

परवा नसरीन कुकर घेऊन आली. झाकणावर बाजीच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली, 'खाण्यासाठी नाही'. आत डबीत वडीचा उरलेला तुकडा. त्याचं काय करावं, तिला बी कळंना.

मी छाती पुढं काढली. "ठेव इथंच. बाजीचं बघून बघून मला बी येतंय. मी काढतो प्रोटीन."

नसरीननं डबी उचलून पर्समधी टाकली आन् चुलीवरच्या पातेल्यात वाकून बघितलं.

"गणपतभाई, आधी तुमच्या वरणात तेवढं दिसू द्या."